उताणं का निजवायचं, ते आईला समजावून सांग

बाय,

वाळपईच्या बाजूला बाळंतिणींच्या घरी व्हिजिटला जायला लागलीस म्हणून लिहिते. तान्हं बाळ झोपेत अचानक जाऊ नये म्हणून उताणं निजवायचं, पण नुसतं उताणं निजवा सांगून निघू नकोस. बाळाचं झबलं वर कर नि आईला श्वास बघायला लाव. पोट हलतं, छाती फारशी नाही, कारण तान्ह्याच्या बरगड्या मऊ नि आडव्या, श्वासाचं बहुतेक काम एकटा डायफ्राम, म्हणजे छाती नि पोटामधला पडद्यासारखा स्नायू, करतो, आणि त्यातले लवकर न थकणारे तंतू मोठ्या माणसात निम्म्याहून जास्त असतात, दिवस भरलेल्या बाळात साधारण 25 टक्के, कमी दिवसांच्या बाळात तर 10च. पहिल्या वर्षात ते वाढत जातात. शिवाय बाळाची जवळजवळ निम्मी झोप पापण्यांखाली डोळे फिरत असतात तसली, तेव्हा बरगड्यांमधले स्नायू सैल पडतात नि सगळा भार डायफ्रामवर येतो.

पण म्हणून डायफ्राम थकला आणि बाळ गेलं असं कुणालाही सांगायचं नाही, ते सिद्ध झालेलं नाही. पोस्टमॉर्टेम, घरची पाहणी, सगळी हिस्ट्री बघूनही कारण मिळालं नाही तरच सिड्स, म्हणजे तान्ह्या बाळाचा अचानक मृत्यू, म्हणतात. सगळ्यात जास्त जपायचे ते 2 ते 4 महिने. अमेरिकेत 1994 ला उताणं निजवायची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, एवढं पक्कं आहे. कुशीवर पण नको, बाळ पालथं होतं.

आजी म्हणणार, उताणं निजवलं तर दूध श्वासात जाईल. तिच्याशी वाद घालू नकोस गो, तिनं बाळं वाढवलीत. उताणं असताना श्वासनळी वर नि अन्ननळी खाली असते, त्यामुळे वर आलेलं दूध उलट श्वासनळीत जायला कठीण, हे हातानं दाखव, पटतं. मे महिन्याच्या घामात पंखा बंद, कुंची, दुपट्यावर दुपटं, वर धुरी, हे दिसलं तर तिथेच बोल. उशी, मऊ गादी नको, बाळ आईच्या खोलीत पण वेगळ्या कडक गादीवर. घरात विडी-सिगरेट ओढणारा असेल तर त्यालाही समोर बसव. श्वास मध्येच पाच-दहा सेकंद थांबून परत चालू होतो त्याला घाबरायचं नाही, 20 सेकंद थांबला किंवा बाळ निळं पडलं तर लगेच 108.

आणि जिथे बाळ गेलंय तिथे पहिल्या भेटीत ‘कसं निजवलं होतं’ विचारू नकोस, पोलिसांनी, शेजाऱ्यांनी विचारून झालेलं असतं. तिला अजून दूध येत असेल, छाती दगडासारखी झाली असेल, ते विचार, थंड पट्ट्या कशा ठेवायच्या दाखव, आणि परत कधी येणार ते सांगून ये.