पी/ई १० च्या खाली असेल तर शेअर स्वस्त समजायचा का? नोकरी सांभाळून तुम्ही शेअर कसे निवडता?

नाही, समजायचा नाही. पी/ईवाल्यांशी माझा वाद जुना आहे, तेव्हा उत्तर थोडं तिखट लागेल. पी/ई म्हणजे शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर नफा. मी हा आकडा सगळ्यात शेवटी बघतो, कारण ज्या नफ्यावर तो बेतलेला असतो, तो नफाच हवा तसा वळवता येतो.

समजा कंपनीचं बाजारमूल्य (सगळ्या शेअरची मिळून किंमत) ८०० कोटी आणि नफा १०० कोटी. पी/ई ८. आता नफातोटा पत्रकातलं 'इतर उत्पन्न' उघडा. त्यात जमीन विकून आलेले ६० कोटी निघाले, तर करबिर सोडून दिला तरी धंद्याचा नफा ४० आणि पी/ई २०. जमीन काही दरवर्षी विकायला मिळत नाही. स्टील, साखर असल्या चढउताराच्या धंद्यांत तर उलटाच खेळ. तेजीच्या टोकाला नफा सर्वाधिक, म्हणून पी/ई सर्वांत कमी. शेअर ४०० ला, प्रतिशेअर नफा ८०, पी/ई ५. पुढच्या वर्षी नफा १० वर आला की शेअर निम्मा होऊनही पी/ई २०!

माझी सुरुवात कॅश फ्लोपासून. पाच वर्षांचा धंद्यातून आलेला रोख प्रवाह एकत्र करायचा, पाच वर्षांचा निव्वळ नफा एकत्र करायचा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. ०.८ च्या खाली आलं की मी पुढचं पान उलटत नाही. एकाच वर्षाचा आकडा धरू नका. एखादी मोठी ऑर्डर अडकली तरी तो बिघडतो.

पैसा अडकतो तो बहुतेक वेळा उधारीत. विक्री ८०० वरून १००० कोटींवर गेली, नफा १००, घसारा (यंत्रं-इमारतींची झीज, जी खर्चात धरतात पण रोख जात नाही) ३०. पण येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे, १५० वरून २६० वर. बाकी सगळं जागच्या जागी धरलं तर हातात आले १०० अधिक ३० वजा ११०, म्हणजे फक्त २० कोटी. येणी भागिले विक्री गुणिले ३६५ करा: उधारी ६८ दिवसांवरून ९५ वर गेलेली दिसेल. विक्री २५ टक्के वाढली आणि येणी ७३ टक्के, याचा अर्थ बहुधा वर्षअखेरीला माल वितरकांच्या गळ्यात मारलाय किंवा गिऱ्हाईक पैसे देत नाही. कुठलं ते वार्षिक अहवालातल्या येण्यांच्या टिपेत बघा. सहा महिन्यांहून जुनी येणी फुगत असतील तर दुसरं. गंमत म्हणजे या वर्षी सगळे 'ग्रोथ' म्हणून टाळ्या वाजवत असतात.

मग रोख शिल्लक. वर्षभर ५०० कोटी बँकेत आणि व्याज ५ कोटी, म्हणजे जेमतेम १ टक्का. ठेवींचा दर याच्या कितीतरी वर असेल तर पैसा खरंच तिथे आहे का? एवढी रोख असून वर महागडं कर्ज काढलं असेल तर मी थांबतो. सत्यम या आयटी कंपनीत २००९ साली ५,०४० कोटींची रोख कागदावरच असल्याचं बाहेर आलं. वायरकार्ड या जर्मन पेमेंट कंपनीचे १.९ अब्ज युरो २०२० मध्ये सापडलेच नाहीत. मात्र ही चाचणी म्हणजे रामबाण नव्हे. सत्यमने ३७६ कोटींचं येणं व्याजही खोटंच दाखवलं होतं. म्हणून ऑडिटर मुदतीआधी निघून गेला का, हेही बघायचं.

अध्यक्षांचं पत्र मी वाचत नाही. टिपा वाचतो, त्यातही संबंधितांशी (प्रवर्तकांच्या नात्यातल्या माणसांशी-कंपन्यांशी) केलेले व्यवहार आणि संभाव्य देणी (कोर्टकज्जे, हमी यांतून अंगावर येऊ शकणारी).

इतकं झाल्यावर पी/ई बघायला हरकत नाही, पण त्याच कंपनीच्या दहा वर्षांच्या पी/ईशी ताडून. १० ही रेघ कुणी आखली, देव जाणे.

हो, बँका आणि कर्ज देणाऱ्या कंपन्यांना यातलं काही लावू नका. कर्जवाटप हाच त्यांचा धंदा, त्यामुळे वाढत्या बँकेचा रोख प्रवाह उणेही दिसू शकतो. तिथे बुडीत कर्ज आणि त्यासाठीची तरतूद बघायची. मोठे प्रकल्प बांधणाऱ्यांची उधारीही मुळातच लांब असते, त्यांची तुलना त्यांच्याच मागच्या वर्षांशी करा. खरेदी मी तीन हप्त्यांत करतो, निकालांमागून निकाल बघत, आणि एका शेअरमध्ये माझ्या एकूण गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांवर पैसा घालत नाही.