घर कुणी सोडायचं?

या वेळच्या पत्रांतही तोच गोंधळ आहे. मार खाणाऱ्या बाईनंच घर सोडायचं, असं सगळेच धरून चाललेत. म्हणून पुन्हा उत्तरं देते.

फ्लॅट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आहे. तरी कोर्ट त्याला बाहेर काढू शकतं का?

हो. कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 च्या कलम 19 मध्येच तशी तरतूद आहे.

आठ महिने माहेरी आहे. घरावरचा हक्क गेला का?

नाही. पण नववा महिना उजाडू देऊ नका. याच आठवड्यात वकिलांना भेटा.

घर सासूबाईंच्या नावावर आहे. दीर म्हणतात, "आईच्या घरात तुझा काय संबंध?" ओळखीचे वकीलही तेच म्हणाले.

हे ऐकून किती जणींनी बॅग भरली! दिरांचं सोडा, वकिलांनी तरी असं सांगू नये. 2006 च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं तसं म्हटलं होतं खरं. पण ऑक्टोबर 2020 मध्ये, सतीश आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा प्रकरणात, तीन न्यायमूर्तींनी तो अर्थ चुकीचा ठरवला. घर सासू-सासऱ्यांचं असलं तरी तुम्ही दोघं तिथं नांदत होतात का, चार दिवसांचे पाहुणे म्हणून नव्हे तर संसार मांडून, हे कोर्ट बघतं. तेव्हा पत्त्याचे कागद जमवा: आधार, गॅसचं पुस्तक, शाळेतला फॉर्म. माझ्या एका अशीलाकडे यातलं काहीच नव्हतं. होतं ते बाळाचं लसीकरणाचं कार्ड, माहेरचा पत्ता खोडून वर पेनानं सासरचा लिहिलेलं. आम्ही तेच जोडलं.

मर्यादाही समजून घ्या. घराबाहेर जाण्याचा हा आदेश नवऱ्याविरुद्ध होतो, सासूबाईंविरुद्ध नाही; कोणत्याही स्त्रीविरुद्ध तो देता येत नाही, असं कलमातच आहे. शिवाय तुमचा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही. सासूबाई दिवाणी दावा लावू शकतात, ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांतांकडेही जाऊ शकतात. तशी नोटीस आली तर ती उशाखाली ठेवू नका, त्याच दिवशी वकिलांना दाखवा. तिथं राहणं अशक्यच झालं तर दुसरं घर किंवा भाडं याच कलमाखाली मागता येतं.

कोर्टाबाहेर एक गृहस्थ म्हणाले, 40 हजार द्या, आठ दिवसांत नवरा बाहेर. देऊ का?

एक रुपयाही देऊ नका. आदेश न्यायदंडाधिकारी देतात, त्याची हमी कुणालाच देता येत नाही. घाबरलेल्या बाईकडून पैसे उकळण्याचा हा धंदा आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे घटनेचा अहवाल, म्हणजे डीआयआर, नोंदवायलाही पैसे लागत नाहीत.

घाई कशाची करायची तेही सांगते. पहिली तारीख साधारण 3 दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. म्हणून मूळ अर्जासोबतच, प्रतिज्ञापत्र जोडून, कलम 23 खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा, आदेश मागा. धोका दिसला तर कोर्ट नवऱ्याचं म्हणणं येण्याआधीही एकतर्फी आदेश देऊ शकतं. "अंतरिम नंतर बघू" असं कुणी म्हणालं तर दुसऱ्या वकिलाचा सल्ला घ्या.

आदेश मिळाला, तरी नवरा रात्री दार वाजवतो. पोलीस म्हणतात, घरगुती मामला आहे.

कोर्टाचा आदेश झाल्यावर तो घरगुती मामला राहत नाही. 112 लावा. आदेशाची प्रमाणित प्रत ठाण्यात देऊन पोच घ्या आणि एक प्रत दाराजवळ ठेवा. कपाटातल्या लॉकरमधली प्रत रात्री दोन वाजता हाताशी येत नाही. एक वर्षापर्यंत कैद, 20 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, ही कलम 31 ची शिक्षा संरक्षण आदेश, म्हणजे हिंसा करायला मनाई करणारा आदेश, मोडल्याबद्दल आहे. तुमच्या आदेशात फक्त कलम 19 असेल तर कलम 18 खालचा संरक्षण आदेशही मागून घ्या. ठाण्यानं मदत करावी, असा स्पष्ट निर्देशही कोर्टाकडून घेता येतो. कुलूप बदलण्याआधी मात्र आदेशातला शब्द न् शब्द वकिलांकडून वाचून घ्या.