कमांड पाठ आहेत पण इंटरव्ह्यूत गप्प झाले, नेटवर्किंग सोडू का?

प्रश्न: मॅडम, मी कॉम्प्युटर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. नेटवर्क तपासायच्या आयपीकॉन्फिग, पिंग, ट्रेसरूट, एनएसलुकअप सगळ्या कमांड पाठ आहेत. एका इंटरव्ह्यूत विचारलं की युजर म्हणतोय नेट चालत नाही, काय करशील? मी धडाधड सगळ्या कमांड सांगितल्या. मग ते म्हणाले, आयपीकॉन्फिग मारल्यावर नेमकं काय बघशील? आणि मी गप्प. सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे तुकडे पाडायचं गणित, तर डोक्यावरूनच जातं. मित्र म्हणतात आता सगळं क्लाउडवर गेलंय, हे शिकून काय उपयोग. सोडून देऊ का? की आधी सीसीएनए, म्हणजे सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट, करू?

उत्तर: सोडू नकोस. तुझ्या पत्रात मला अडचण एकच दिसतेय आणि ती सुटण्यासारखी आहे, तू कमांड शिकलीस पण कमांडचं उत्तर वाचायला तुला कोणी शिकवलंच नाही. या फील्डमध्ये पगार वाचण्याचा मिळतो बघ, कमांड तर कोणीही शोधून टाईप करतं.

तोच इंटरव्ह्यूचा प्रश्न घेऊ. आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल मारलं की खूप ओळी येतात, त्यातल्या चारच आधी बघायच्या, आयपी ॲड्रेस (मशीनचा नेटवर्कवरचा नंबर), सबनेट मास्क (आपलं नेटवर्क कुठून कुठपर्यंत ते सांगणारा आकडा), डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचं दार) आणि डीएनएस सर्व्हर (साईटच्या नावावरून नंबर सांगणारा). आता समजा ॲड्रेस १६९.२५४ ने सुरू होतोय. म्हणजे मशीनने डीएचसीपी सर्व्हरकडे, मशीनना ॲड्रेस वाटणाऱ्याकडे, ॲड्रेस मागितला, कोणी उत्तर दिलं नाही, म्हणून तिने स्वतःच स्वतःला एक ॲड्रेस लावून घेतला. हे दिसल्यावर वेबसाईटला पिंग करत बसण्यात काहीच अर्थ नाही, केबल, वायफाय, स्विचचा पोर्ट आणि डीएचसीपी सर्व्हर बघायचा आणि मग रिलीज, रिन्यू मारायचं, म्हणजे आहे तो ॲड्रेस सोडून नवा मागायचा. (रिमोटवरून दुसऱ्याच्या मशीनवर बसलेली असशील तर रिलीज मारू नकोस, तुझंच कनेक्शन तुटेल आणि मग त्या माणसाला फोनवर समजावत बसावं लागेल.)

ॲड्रेस १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा, बरोबर दिसतोय? मग गेटवेला पिंग कर, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का ते बघ. तो लागला की बाहेरच्या एखाद्या नंबरला, म्हणजे ८.८.८.८ ला. तोही लागतोय आणि नावाने साईट उघडत नाही, तर आधी संशय डीएनएसवर, तेव्हा एनएसलुकअप, ती नावाचा नंबर मिळतो का ते दाखवते. कमांड तुला आधीच येत होत्या, फक्त आधीचं उत्तर बघून पुढची ठरवायची हे कोणी सांगितलं नव्हतं. आणि एखाद्या मशीनने पिंगला उत्तर दिलं नाही म्हणजे ती बंद आहे असं लगेच म्हणू नकोस, फायरवॉल पिंग अडवत असेल तरी असंच दिसतं.

आता सबनेटिंग, इथे जरा थांबते कारण तुझी खरी भीती तिथे आहे आणि ते नुसतं परीक्षेचं गणित म्हणून शिकवलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं. समजा मशीनचा ॲड्रेस १९२.१६८.१.१० आणि गेटवे १९२.१६८.१.१ आहे. नेटवर्कचा खरा मास्क २५५.२५५.२५५.१९२, पण मशीनवर कोणीतरी चुकून २५५.२५५.२५५.० टाकलाय. युजरची तक्रार काय येणार? नेट व्यवस्थित चालतंय, फक्त १९२.१६८.१.७० हा सर्व्हर दिसत नाही. का? २५६ मधून १९२ वजा कर, ६४ उरले. म्हणजे हे नेटवर्क ६४-६४ च्या तुकड्यांत कापलंय, ० ते ६३, ६४ ते १२७, असं पुढे. प्रत्येक तुकड्यातला पहिला नंबर नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना एकदम निरोप द्यायचा, उरले ६२, ते मशीनला देता येतात. तुझी मशीन १० वर म्हणजे पहिल्या तुकड्यात, सर्व्हर ७० वर म्हणजे दुसऱ्या. खरं तर पॅकेट, म्हणजे डेटाचं पुडकं, गेटवेकडे जायला हवं. पण चुकीच्या मास्कमुळे मशीनला वाटतं की ७० माझ्याच तुकड्यात आहे, म्हणून ती थेट हाका मारत बसते की ७० कोण, आणि तिथे ७० नाहीच तर उत्तर कोण देणार? इंटरनेटचे ॲड्रेस मात्र दोन्ही मास्कने बाहेरचेच ठरतात, ते गेटवेकडे जातात, म्हणून नेट चालतं.

याच केसमध्ये विंडोजवर ७० ला पिंग केलंस तर डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल असं येतं आणि ते उत्तर कोणाकडून आलं बघितलंस तर स्वतःच्याच ॲड्रेसवरून, १९२.१६८.१.१० वरून. खाली मात्र लिहिलेलं असतं चार पाठवले, चार मिळाले, लॉस शून्य टक्के! नुसती शेवटची ओळ वाचणारा म्हणणार सगळं ओके आहे. रिक्वेस्ट टाइम्ड आउट आलं तर ती गोष्ट वेगळी, तिथे ठरलेल्या वेळात उत्तरच परत आलं नाही, कुठे अडलं ते अजून शोधायचंय. हा फरक ज्याला सांगता येतो त्याला इंटरव्ह्यूत पुढचे प्रश्न वेगळ्या सुरात विचारतात.

क्लाउडबद्दल मित्रांचं ऐकू नकोस. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर स्वतःचं नेटवर्क बनवायला गेलीस की सुरुवातीलाच ॲड्रेसची रेंज मागतात, १०.०.०.० स्लॅश १६ वगैरे (स्लॅशनंतरचा आकडा जेवढा मोठा, तेवढी रेंज लहान). तिथे सबनेट स्लॅश २८ पर्यंतच लहान करता येतो, आणि त्यातल्या १६ पैकी ५ ॲड्रेस ते स्वतःकडे ठेवतात, तुला ११ मिळतात. दोन नेटवर्कच्या रेंज एकमेकांवर चढल्या असतील तर ती पिअरिंगने, म्हणजे दोन क्लाउड नेटवर्क थेट जोडायच्या सोयीने, जोडताच येत नाहीत, आणि हे सगळं उभं राहिल्यावर कळलं तर रेंज बदलायचं काम फार त्रासाचं. डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवायचं सॉफ्टवेअर, तोसुद्धा गुपचूप १७२.१७ ची रेंज घेऊन बसतो, ऑफिसच्या व्हीपीएनची रेंज तीच निघाली की गोंधळ. म्हणजे क्लाउड, डेव्हऑप्स, सिक्युरिटी कुठेही गेलीस तरी हा पाया लागणारच. सुरुवात बहुतेक टेक्निकल सपोर्ट किंवा नेटवर्क ऑपरेशन्स सेंटरमधून होते, त्यात रात्रीच्या शिफ्ट असतात हे आधीच माहीत असू दे, पण तिथे जेवढे वेगवेगळे फॉल्ट बघायला मिळतात तेवढे कुठल्या क्लासमध्ये मिळत नाहीत.

आता कर काय. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरच्या आत वेगळे कॉम्प्युटर चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन लिनक्स मशीन टाक आणि त्यांना एकमेकांशी बोलतं कर. लिनक्सवर आयएफकॉन्फिग या जुन्या कमांडच्या मागे लागू नकोस, नवीन बऱ्याच सिस्टीमवर ती आधीपासून नसते, आयपी ए आणि आयपी आर या दोन शिक, पहिली ॲड्रेस दाखवते आणि दुसरी रूट, म्हणजे पॅकेट कुठल्या वाटेने जाईल ते. आयपी कमांडने लावलेला ॲड्रेस रीस्टार्ट केल्यावर जातो, त्यामुळे प्रयोग करताना घाबरायचं कारण नाही. मग मैत्रिणीला सांग की माझ्या मशीनवर काहीतरी बिघडव, मास्क, गेटवे, डीएनएस, काहीही, आणि काय बिघडवलं ते सांगू नकोस. तू कमांड मारायच्या आधी वहीत लिही की मला काय दिसेल असं वाटतंय, मग मार, मग जुळव. कंटाळा येईल पण हेच कर. कॉलेजच्या लॅबच्या नेटवर्कवर मात्र हे प्रयोग नकोत.

आयपीव्ही ६, म्हणजे ॲड्रेसची नवी पद्धत, आत्ता थोडंच बघ, १२८ बिटचा ॲड्रेस आणि एफई८० ने सुरू होणारा लिंक लोकल (आपल्याच नेटवर्कपुरता चालणारा), एवढं ओळखता आलं तरी चालेल. ते टाळू मात्र नकोस, आतापर्यंत बघितलेल्या आयपीव्ही ४ चे ३२ बिटचे जेमतेम ४२९ कोटी ॲड्रेस, आणि वाटपासाठीचा जागतिक साठा २०११ च्या फेब्रुवारीतच संपला.

सीसीएनए चांगली परीक्षा आहे, पण आत्ता लगेच नको. आत्ता बसलीस तर कमांडसारखीच तीही पाठ करून देशील. मैत्रिणीने बिघडवलेली मशीन तुला न अडखळता दुरुस्त करता यायला लागली की सिस्कोच्या पॅकेट ट्रेसरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकली नेटवर्क लॅबवर, राउटर-स्विचचा सराव चालू कर, तो फुकट मिळतो. सर्टिफिकेट तीनच वर्षं चालतं, त्यामुळे परीक्षा नोकरी शोधायला लागशील त्याच्या आसपास दे.