उबुंटू अपडेट केल्यावर लोगोनंतर स्क्रीन काळी होते. दुकानदार म्हणतो ग्राफिक्स कार्ड गेलं. खरंच नवीन घ्यावं लागेल का?

थांबा, तापकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) पैसे मोजायच्या आधी हे वाचा. तुम्ही लिहिलंय की कार्ड जीटीएक्स १०५० टीआय आहे, उबुंटू २२.०४ आहे, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) एनव्हिडिया या कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून रन फाइल, म्हणजे तिचा इन्स्टॉलर, उतरवून टाकला होता, आणि मदरबोर्डचा लोगो नीट दिसतो. मॉनिटरची केबल कार्डलाच लावलेली असेल, तर तो लोगो तुमचं कार्डच दाखवतंय. पूर्ण मेलेलं कार्ड लोगो दाखवत नाही. पुण्यातल्या एका ऑफिसातली लिनक्स मशीन्स मी सांभाळतो. कर्नल (उबुंटूचा गाभा) अपडेट झाल्यावर अशी काळी स्क्रीन आली की मी आधी ड्रायव्हर बघतो, कार्ड नंतर.

खात्री करायची तर मशीन सुरू होताना एस्केप (जुन्या बायोसवर शिफ्ट) दाबून ग्रबचा (कुठला कर्नल सुरू करायचा ते विचारणारा) मेनू आणा, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा आणि आधीचा कर्नल निवडा. डेस्कटॉप आला, तर कार्ड ठणठणीत आहे. दुकानदाराशी वाद घालायचीही गरज नाही.

आता नेमकं काय बिनसलंय ते बघू. पुन्हा नव्या कर्नलवर या आणि काळ्या स्क्रीनवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. लॉगिन विचारेल. तेही आलं नाही, तर ग्रबमध्ये ई दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट (साध्या स्क्रीनवर सुरू करायचा पर्याय) जोडा आणि एफ१० दाबा. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच राहतो. (कमांड मी देवनागरीत लिहितोय, तुम्ही इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा.)

एलएसपीसीआय -एनएनके चालवा आणि व्हीजीए लिहिलेली ओळ शोधा. तिथे कार्डाचं नाव असेल, तर मदरबोर्डला कार्ड दिसतंय. त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ हवी. माझ्या अंदाजाने तुमच्याकडे ती नसेलच. नावच दिसलं नाही, तरच कॅबिनेट उघडून कार्ड काढून पुन्हा घट्ट बसवायचं.

यानंतरची कमांड मला सगळ्यात जास्त उपयोगी वाटते: सुडो मोडप्रोब एनव्हिडिया. इथे जी चूक छापून येते, तीच खरं कारण सांगते, म्हणून ती शब्दशः वाचा. ‘मोड्यूल एनव्हिडिया नॉट फाउंड’ म्हणजे चालू कर्नलसाठी ड्रायव्हर बनलेलाच नाही. ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ म्हणजे ड्रायव्हर आहे, पण सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी सोय) त्याची सही मानत नाही. ‘नो सच डिव्हाइस’ म्हणजे बहुतेक वेळा या कार्डाला न चालणारा ड्रायव्हर पडलाय.

तुमच्याकडे पहिली येईल असं मला वाटतं. रन फाइलचा ड्रायव्हर त्या वेळच्या कर्नलसाठी बांधला जातो. टाकताना डीकेएमएसचा (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधायचा) पर्याय निवडला नसेल, तर कर्नल बदलला की तो तिथेच संपतो. शिवाय तो इन्स्टॉलर नुव्हो हा मोफत ड्रायव्हर बंद करून ठेवतो. म्हणजे एनव्हिडियाचा सापडत नाही, नुव्होला परवानगी नाही, आणि डेस्कटॉप दाखवायला कोणीच उरत नाही.

उपाय असा. सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल चालवून जुना ड्रायव्हर काढा. सुडो ॲप्ट अपडेट करा, मग उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हाइसेस. यादीतून ५३५ घ्या, पण नावाच्या शेवटी ‘ओपन’ किंवा ‘सर्व्हर’ असलेला नको. ओपन मोड्यूल ट्युरिंग पिढीपासून, म्हणजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० पासून पुढेच चालतात. १०५० टीआय त्याआधीचं, पास्कल पिढीचं आहे. ओपनवाला घातलात तर ‘नो सच डिव्हाइस’ पदरात पडेल. सुडो ॲप्ट इन्स्टॉल एनव्हिडिया-ड्रायव्हर-५३५ करून रीबूट करा. उबुंटूच्या पॅकेजमधून आलेला ड्रायव्हर पुढच्या कर्नल अपडेटबरोबर आपोआप जुळवला जातो, म्हणून रन फाइलच्या वाटेला पुन्हा जाऊ नका, असं मी कळकळीने सांगेन.

इन्स्टॉल करताना सिक्युअर बूटसाठी पासवर्ड विचारला, तर सोपा ठेवा आणि लिहून ठेवा. रीबूट होताच निळी स्क्रीन येईल आणि फक्त दहा सेकंद थांबेल. तेवढ्यात कुठलीही की दाबून एनरोल मोक (ड्रायव्हरच्या सहीची चावी नोंदवायचा पर्याय) निवडा आणि तोच पासवर्ड द्या. ती संधी हुकली तर मशीन मुकाट्याने पुढे जातं आणि ड्रायव्हर टाकूनही चालत नाही. बऱ्याच जणांची गाडी इथेच अडते.

शेवटी एनव्हिडिया-एसएमआय चालवा. कार्डाचं नाव, तापमान आणि मेमरीचा तक्ता आला की काम झालं. नाही आला, तर मोडप्रोबने छापलेली ओळ जशीच्या तशी इथे लिहा, पुढचं तिच्यावरून सांगतो.