‘प्रतिनिधित्व’ की ‘चित्रण’?

एका वाचकाने विचारलंय की चित्रपट परीक्षणात ‘या सिनेमात स्त्रियांचं प्रतिनिधित्व चांगलं आहे’ असं लिहिलेलं चालेल का, की ‘चित्रण’ म्हणावं? शिवाय ‘डायव्हर्सिटी’ला विविधता म्हणायचं की वैविध्य?

दुसरं आधी उरकतो. दोन्ही शब्द शुद्ध आहेत, अर्थही एकच. पण परीक्षणात ‘पात्रांमध्ये वैविध्य आहे’ एवढ्याने काहीच कळत नाही. कोणत्या गावची, जातीची, बोलीची माणसं दिसतात ते सरळ सांगून टाकावं.

‘प्रतिनिधित्वा’चं मात्र नीट बघायला हवं. प्रतिनिधी म्हणजे दुसऱ्याच्या वतीने उभा राहणारा. राजाराम महाराजांनी जिंजीला प्रल्हाद निराजींना ‘प्रतिनिधी’ हे पद दिलं ते याच अर्थाने. औंधच्या पंतप्रतिनिधींचं नावही त्याच पदावरून आलं. आजचा लोकप्रतिनिधी तर आपणच निवडून देतो. नेमणारा कुणीतरी असतो, आणि नेमलेल्याला त्याला जबाबही द्यावा लागतो. सिनेमातल्या पात्राला कुणी नेमलेलं नसतं. त्याला प्रतिनिधी म्हटलं की अख्ख्या समाजाचं ओझं त्याच्या डोक्यावर येतं आणि मग ते गुणीच असलं पाहिजे अशी अपेक्षा सुरू होते.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ घ्या. गीतांजली कुलकर्णी यांनी केलेली सरकारी वकील नूतन कोर्टात कलमं वाचत राहते, आरोपीला जामीन मिळू नये म्हणून झटते. संध्याकाळी मुलाला घेऊन घरी येते, स्वयंपाकाला लागते. सुट्टीच्या दिवशी घरच्यांसोबत परप्रांतीयांची टर उडवणारं नाटक बघायला जाते. हे स्त्रियांचं ‘चांगलं प्रतिनिधित्व’ आहे का? प्रश्नच अडाणी वाटतो. चित्रण मात्र अव्वल आहे, कारण ती खलनायिकाही नाही आणि आदर्श स्त्रीही नाही.

त्याच सिनेमात लोकशाहीर नारायण कांबळेंची भूमिका वीरा साथीदार यांनी केली. ते स्वतः आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते होते. इथे ‘प्रतिनिधित्व’ म्हणायला माझी हरकत नाही, कारण मी बोलतोय ते पात्राबद्दल नाही, चळवळीतला माणूस कॅमेऱ्यापुढे आला त्याबद्दल. लेखक, दिग्दर्शक, नट कोण आहेत हे सांगताना हा शब्द खुशाल वापरावा.

आता ‘बेक्डेल कसोटी’. अमेरिकी व्यंगचित्रकार अ‍ॅलिसन बेक्डेल यांच्या 1985च्या एका चित्रपट्टीतून ती आली: सिनेमात निदान दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात आणि तेही पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल. पुष्कळजण हिला ‘प्रतिनिधित्वाची कसोटी’ म्हणतात. ती मोजते फक्त हजेरी. चित्रण कितीही सुमार असलं तरी सिनेमा तिच्यात पास होऊ शकतो.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त जब्या या मुख्य पात्राच्या घरात कैकाडी ही बोली बोलली जाते, फँड्री म्हणजे कैकाडीत डुक्कर. याला काय म्हणाल? मी तरी ‘कैकाडीला पडद्यावर जागा मिळाली’ म्हणेन. ‘जागा’, ‘वाव’, ‘वाटा’ हे शब्द घरातच पडून आहेत, आणि आपण ‘सर्वसमावेशक’च्या मागे धावतो!

तेव्हा विचारणाऱ्यांनी आपलं वाक्य जरा फोडावं. ‘स्त्रियांना वाव भरपूर आहे, पण त्यांचं चित्रण ठोकळेबाज आहे’, किंवा सिनेमा तसा असेल तर याच्या अगदी उलट.