ट्रेकहून आली, पण घरात मन रमेना

"परदेशातला मोठा ट्रेक करून आली आणि आता घरात, ऑफिसात कशातच लक्ष नाही. काय करावं?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे वारंवार येतो. कुणी एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाऊन आलेलं असतं, कुणी किलिमांजारोला. आईवडिलांना वाटतं, पोरांच्या डोक्यात काहीतरी शिरलं. पोरांना वाटतं, खरं जगणं तिकडंच राहिलं.

बत्तीस वर्षांच्या एका मुलीचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. हिंजवडीत नोकरी. नेपाळमधली अन्नपूर्णा परिक्रमा तिनं तीन आठवडे चालून केली. बेसीसहरहून मर्स्यांगदी नदीच्या काठानं वर मनांग, मग 5416 मीटर उंचीची थोरोंग ला खिंड ओलांडून पलीकडे मुक्तिनाथ.

आधी आई आल्या. "मॅडम, पोरगी गेली एक अन् आली दुसरीच. टीव्ही लावला की उठून जाते. राजीनामा देते म्हणते. नेपाळात होमस्टे काढणार म्हणे!"

मुलगी सुरुवातीला फक्त खिंडीबद्दल बोलायची. पहाटे तीनला हेडलॅम्प लावून निघणं, गोठलेलं बाटलीतलं पाणी, वरच्या रंगीत पताका.

"तिथं मी शांत होते, मॅडम. इथं आले की परत तीच चिडचिडी."

डोंगर माणसाला शांत करतो, हे मला पटत नाही. ट्रेकवर पांघरुणावरूनही भांडणं होतात. प्रसंगापेक्षा त्या प्रसंगी माणूस स्वतःशी काय बोलतो, त्यानं तो अस्वस्थ होतो किंवा सावरतो, हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा विचार मी माझ्या कामाचा पाया मानते. म्हणजे ही मुलगी तिथं स्वतःशी काहीतरी वेगळं बोलली होती. ते खिंडीच्या गोष्टीत सापडणार नव्हतं. म्हणून मी विचारलं, "वाटेत कुठं अडकलीस का?"

ती जरा थांबली. हे तिनं घरीही सांगितलं नव्हतं. खिंडीच्या पायथ्याला, थोरोंग फेदीला, डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली. गाइड म्हणाला, आज वर नाही. ग्रुप पुढे गेला, ही खाली लेटदरला उतरली.

"उतरताना स्वतःला काय म्हणालीस?"

"काहीच नाही. मनांगच्या मदत केंद्रात डॉक्टरांनी सांगितलं होतं, तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची दिवसाला पाचशे मीटरहून जास्त वाढवायची नाही. त्रास झाला तर चढायचं नाही, वाढला तर उतरायचं. मग उतरले."

"म्हणजे नापास झालीस?"

"नापास कसली? उंचीच तेवढी होती. अंगाला वेळ हवा होता. वाईट वाटलं, थोडी रडले, लसणाचं सूप प्यायले अन् झोपले."

"बरं. आणि मार्चमध्ये प्रमोशन हुकलं तेव्हा?"

ती पर्सची चेन उघडत मिटत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मी कुचकामी आहे, असं." आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, "इथं मी स्वतःला लेटदरला उतरूच देत नाही."

मी पुढं काही बोलले नाही. असं वाक्य माणसाच्या स्वतःच्या तोंडून आलं की समुपदेशकानं मध्ये पडू नये, हे मी या कामात शिकले आहे. अडकलेल्या दिवसाबद्दलचा हा प्रश्न तेव्हापासून मी अशा प्रत्येकाला विचारते, आणि बहुतेकदा गाठ तिथंच सुटते.

त्या वाटेवर मागं फिरणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही. 2014 च्या ऑक्टोबरमध्ये हुदहुद चक्रीवादळामुळे त्याच खिंडीच्या परिसरात हिमवादळ आलं आणि 40 हून अधिक माणसं गेली. तिथल्या लॉजवाल्यांना, गाइडना ते आठवतं. आपल्या घरांत आणि ऑफिसांत मात्र थांबणं म्हणजे हरणं. मुलं परत येतात ती या फरकाला धडकतात. शिवाय ट्रेकवर दिवसाला एकच काम असतं: चालायचं, डाळभात खायचा, झोपायचं. इथं सकाळपासून दहा गोष्टी मागं लागतात. जुळवून घ्यायला काही आठवडे लागतातच, तो आजार नव्हे.

म्हणून आईवडिलांनो, "फिरून झालं ना, आता पुरे" असं म्हणू नका. फोटो बघून झाले की थंडी कशी सोसली, कुठं रडू आलं, ते विचारा. आणि मुलांनो, राजीनामा हवा तर लिहून ठेवा, पण आल्या आल्या देऊ नका.

या मुलीनं नंतर मॅनेजरकडे एका कामासाठी पहिल्यांदाच वाढीव मुदत मागितली. रात्री झोपही लागली. होमस्टेचा विचार तिनं सोडलेला नाही, सोड असं मी म्हटलंही नाही. परदेशी माणसाला नेपाळमध्ये जमीन विकत घेता येत नाही हे तिनंच शोधून काढलं, आणि आता ती उत्तराखंडात भाड्याच्या घराची चौकशी करते आहे. आईही त्या हिशेबाला बसतात.

मात्र परत आल्यावर दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. जगणं नकोसं वाटतं असं कुणी बोललं तर त्याच दिवशी.