विचारा तर खरं! : फी सरकार भरणार, पण कशाच्या बदल्यात?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत टेनेसी राज्यात राहतो. मुलगी यंदा बारावीला आहे, तिला नर्सच व्हायचंय. मैत्रीण म्हणते नर्स कमी पडतायत म्हणून राज्य सरकार फुकट शिकवतंय. हे म्हणतात आपलं इन्कम बघून कोण एक डॉलर देणार, फाफ्सा, म्हणजे तो कॉलेजच्या सरकारी मदतीचा फॉर्म, भरायची उठाठेव हवी कशाला? आणि पैसे घेतलेच तर पुढे बॉण्डमध्ये अडकायला होतं का?

उत्तर : ताई, आधी यांना सांगा की फाफ्सा भरायचाच! पेल ग्रांटला, म्हणजे फेडरल सरकारच्या गरजू मुलांसाठीच्या मदतीला, इन्कम बघतात ते खरंय, पण तुमच्याकडची टेनेसी प्रॉमिस नावाची स्कीम आहे तिला इन्कमची अटच नाही. 2014 साली कायदा झाला, 2015 च्या फॉलला, म्हणजे उन्हाळ्यानंतरच्या टर्मला, पहिली बॅच गेली. तेव्हाचे गव्हर्नर बिल हॅसलम यांचं म्हणणं होतं की 2025 पर्यंत राज्यातल्या 55 टक्के लोकांकडे कुठली तरी डिग्री नाहीतर सर्टिफिकेट हवं, नाहीतर कंपन्यांना माणसं मिळणार नाहीत, आणि पैसा उभा केला लॉटरीच्या शिलकीतून.

ही ग्रांट ‘लास्ट डॉलर’ पद्धतीची आहे, म्हणजे आधी पेल आणि बाकीच्या ग्रांट वजा होतात आणि मग कम्युनिटी कॉलेजची (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजची) जी ट्युशन उरेल ती प्रॉमिस भरतं. आता गंमत बघा, गरीब घरच्या मुलाची फी बऱ्याचदा पेलमध्येच भागते, त्यामुळे प्रॉमिसचा चेक येतो शून्याचा, आणि तुमच्यासारख्या बऱ्या पगाराच्या घरात पेल नाही म्हणून अख्खी ट्युशन राज्य भरतं. मला स्वतःला हे उलटंच वाटतं, पण नियम आहे आणि तुम्ही त्यात बसताय तर घ्या. पुस्तकं, युनिफॉर्म, गाडीचं पेट्रोल मात्र तुमच्याच खिशातून.

बॉण्ड नाही, पण अटी आहेत. 1 नोव्हेंबरच्या आत अर्ज, प्रत्येक टर्मच्या आधी 8 तास समाजसेवा, फुल टाइम शिक्षण, जीपीए (ग्रेडची सरासरी) 2.0 च्या खाली जाता कामा नये आणि सलग पाच सेमिस्टरची मुदत. नर्सिंगवाल्यांनी बघायचं ते हे शेवटचं. कम्युनिटी कॉलेजात दाखल झालं म्हणजे नर्सिंगला सीट मिळाली असं होत नाही, आधी अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजीसारखे विषय करायचे, मग वेगळा अर्ज, आणि त्या सीटसाठी एखादं सेमिस्टर थांबावं लागलं तरी प्रॉमिसचं घड्याळ चालूच राहतं. तेव्हा अ‍ॅडव्हायजरला पहिल्याच भेटीत विचारा की पाच सेमिस्टरमध्ये हा कोर्स बसतो का, आणि किती मुलांचा खरंच बसतो. दोन वर्षांची असोसिएट डिग्री कमी दर्जाची म्हणून कोणी नाक मुरडलं तर मनावर घेऊ नका, आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स, व्हायला लायसन्सची परीक्षा तीच, एनक्लेक्स. बीएसएन, म्हणजे नर्सिंगची चार वर्षांची डिग्री, नंतर करता येतं, काही हॉस्पिटलं त्याचे पैसेही देतात.

प्रश्न : दर अधिवेशनात कुठल्या ना कुठल्या राज्यात असलं फी माफीचं बिल येतं. मग नर्स आणि शिक्षकांची टंचाई का जात नाही? आणि भाच्याला शिक्षक व्हायचंय, त्याने असली ग्रांट घ्यावी का?

उत्तर : कारण अडचण नुसत्या फीची नाहीये. नर्सिंग कॉलेजं दरवर्षी हजारो पात्र अर्ज परत पाठवतात, मुलं हुशार असतात पण शिकवायला माणूस नाही आणि हॉस्पिटलमध्ये क्लिनिकलला, म्हणजे पेशंटजवळच्या प्रत्यक्ष शिक्षणाला, जागा नाही. मास्टर्स झालेल्या नर्सला वॉर्डातच जास्त पगार मिळत असेल तर ती वर्गात कशाला येईल हो? शिक्षकांचंही तेच, बीएड फुकट केलं तरी पाच वर्षांनी तोच पगार बघून माणूस सोडून जातो. पण आमदारांना फी माफ करणं सोपं पडतं, फोटोही छान येतो.

भाच्याला सांगा की ग्रांट घेण्याआधी एकच गोष्ट विचार, अट मोडली तर हिचं काय होतं? शिक्षक होणाऱ्यांसाठी फेडरल टीच ग्रांट असते, तिच्यात शिक्षण झाल्यावर आठ वर्षांच्या आत चार वर्षं, शिक्षक कमी आहेत असा विषय कमी उत्पन्नाच्या वस्तीतल्या शाळेत शिकवावा लागतो, नाही जमलं तर ग्रांटचं कर्ज होतं आणि व्याज पैसे उचलले त्या दिवसापासून. शिकवत असल्याचा दर वर्षाचा फॉर्म उशिरा गेला एवढ्यावरून प्रामाणिकपणे शिकवणाऱ्या कितीतरी शिक्षकांच्या डोक्यावर कर्ज बसलं होतं, मग बराच आरडाओरडा झाल्यावर फेडरल शिक्षण खात्याला ती प्रकरणं परत उघडावी लागली. न्यूयॉर्कच्या 2017 च्या एक्सेलसियर स्कॉलरशिपमध्येही जितकी वर्षं पैसे घेतले तितकी वर्षं त्याच राज्यात राहायचं, नोकरीही तिथेच, नाहीतर तिचंही कर्ज. पोराला शाळा आणि गाव मनापासून आवडत असेल तर घ्यावी, फॉर्मची पोच मात्र जपून ठेवावी.

आणखी एक, छोट्या कोर्सना पेल देणारा कायदा 2025 मध्ये झाला, लागू व्हायची तारीख 1 जुलै 2026. आठ ते पंधरा आठवड्यांच्या आतले कोर्स, आणि आपल्या राज्यात कुठल्या कामाला मागणी आहे ते गव्हर्नर ठरवणार. म्हणजे वेल्डिंग की नर्सिंग असिस्टंट, हे राज्याराज्यात वेगळं निघू शकतं.

प्रश्न : आम्ही एच-4 वर (एच-1बी नोकरीवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर) आहोत, मुलाला हे चालतं का?

उत्तर : फेडरल मदत नाही, ग्रीन कार्ड आल्यावरच. इन-स्टेट ट्युशन, म्हणजे राज्याच्या रहिवाशांची कमी फी, मात्र अनेक राज्यांत एच-4 च्या मुलांना मिळते, त्यासाठी कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसला लेखी विचारा, फोनवरचं उत्तर धरून बसू नका.